दिल्लीत कायदा, पलसाण्यात किस्सा

दिल्लीत कायदा होतो, गांधीनगरला त्याचे नियम होतात आणि पलसाण्याला त्याचा किस्सा होतो. हे माझं ठाम मत आहे. मी इथल्या, सुरतजवळच्या एका साड्यांच्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये एचआर बघते. म्हणजे माणसं भरायची, त्यांचे पीएफ-ईएसआय काढायचे, दिल्लीहून नवीन काही आलं की शेठना समजावायचं आणि शेठ चिडले की पाणी द्यायचं. घरी भेस्तानला गेले की नवरा विचारतो, "आज काय झालं?" रोज काहीतरी झालेलंच असतं. सांगितलं नाही तर रात्री झोप लागत नाही, आणि सांगितलं तर त्याला लागत नाही!

त्यातले काही तुम्हाला सांगते. माझ्या भरतीपासूनचे आहेत. आमच्या फोल्डिंगमधल्या सुनीताची नोकरी राहते की जाते, या काळजीनं माझं डोकं उठलं होतं, तिथपर्यंतचे. मिलमध्ये शेठ गुजरातीत बोलतात, माझ्याशी हिंदी-गुजरातीची भेळ करतात. मी सगळं मराठीतच सांगते, नाहीतर तुम्ही दर ओळीला मला थांबवाल.

*

आधी माझीच भरती.

शेठचं नाव किशोरभाई. सगळे किशोरशेठच म्हणतात. सल्लागारांनी त्यांना सांगितलं होतं की मिलमध्ये बायका कामाला आहेत, तर तक्रार समिती पाहिजे आणि ती चालवायला एक बाई पाहिजे. म्हणून मुलाखतीला मला बोलावलं. मी आपली डिग्री, एमएसडब्ल्यू, अनुभवाचं पत्र, सगळं फाइलला लावून घेऊन गेले.

शेठनी फाइल उघडलीच नाही. ती एका बाजूला सरकवली, चहा मागवला आणि एकच प्रश्न विचारला.

"तुम्ही भांडता?"

मला वाटलं, ही परीक्षा असणार. नाही म्हणावं की हो? शेवटी खरं तेच सांगितलं. "गरज पडली तर भांडते."

"छान! शेजारच्या मिलमध्ये मॅडम घेतल्यात, त्या रडतात. सोमवारपासून या."

*

मी आले तेव्हा मिलमधली सगळी भरती दगडूमामांच्या हातात होती. मामा अमळनेरकडचे, डाइंगचे मास्तर. रंग त्यांचा, माणसंही त्यांचीच. नवा माणूस गेटवर आला की मामा दोन प्रश्न विचारायचे. "कोन्त गाव शे?" आणि "आखाजीले कवय जाशी?", म्हणजे अक्षय तृतीयेला गावी कधी जाणार. झाली मुलाखत. तोंड बघून हो किंवा नाही.

मला ते बरं दिसेना. भरती करताना सगळ्यांना सारखी संधी पाहिजे, बाई-पुरुष, हा गावचा-तो गावचा असा भेद नको, हे मी शिकून आलेली. मी नवी पद्धत आणली. नाव, शिक्षण, कामाचा अनुभव, एवढंच विचारायचं. गेटवर नोटीसही लावली: 'मुलाखतीत कोणालाही गाव विचारले जाणार नाही.' मामांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "चालू द्या, माय."

सुनीता त्याच भरतीत आली. केस घट्ट बांधलेले, पदर खोचलेला. मी विचारलं, "अनुभव?"

"घरी बसीसन साडीले स्टोन चिटकाडू."

"कुणाकडे करत होतीस?"

"काय माहीत! एक भाऊ पिशवी टाकीसन जाये, एक भाऊ उचलीसन ली जाये."

"त्यांचं नाव?"

"त्याबी मनं नाव कधी इचारं नई," ती म्हणाली. सुरतेत अशा घराघरातून साड्यांना टिकल्या-खडे चिकटवणाऱ्या बायका किती असतील, कोण जाणे. कोणाचंच नाव कुठेच नसतं. मी तिला घेतलं. महिन्याभरानं तिचं ईएसआयचं कार्ड आलं, ते दोन्ही हातांत धरून ती टेबलाशी उभीच राहिली. म्हणाली, "मॅडम, यावर मनं नाव शे!" नंतर कळलं, आधार आणि रेशनकार्ड सोडलं तर तिच्या नावाचा तेवढा एकच सरकारी कागद होता, आणि रेशनकार्डावर ती 'पत्नी' होती.

तर नवीन भरती झाली. सगळं नियमानुसार. आणि मग आली आखाजी.

खान्देशात आखाजी दिवाळीपेक्षा मोठी, हे मी काय सांगायचं! माहेरवाशिणी, झोके, सांजोऱ्या. गाव न विचारता घेतलेल्या माझ्या सगळ्या बायका निघाल्या साक्री-शिरपूरच्या. फोल्डिंग विभाग एका सकाळी रिकामा झाला. लग्नसराईचा माल तयार, ट्रक दारात आणि साडीची घडी घालायला माणूस नाही. शेवटी शेठ स्वतः उभे राहिले, सोबत त्यांचा पुतण्या. दोघांनी दिवसभर घड्या घातल्या. व्यापाऱ्यानं त्या साड्या जशाच्या तशा परत पाठवल्या आणि निरोप दिला, "धुवायला टाकलेल्या चुकून आल्या वाटतं."

हे सगळं मला परत आल्यावर कळलं. मीसुद्धा शिरपूरलाच गेले होते ना!

 मामांनी माझी नोटीस काढली नाही. फक्त तिच्याखाली भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं होतं: 'पण आखाजीला कोण थांबणार ते आधी सांगा.'

*

मग नवे कायदे आले. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्या, जुना असो की नवा. मी खूश. सल्लागारांनी व्हॉट्सॲपवर नमुना पाठवला, मी नावं घातली, छापली, शेठच्या सह्या घेतल्या. चहाच्या सुट्टीत सगळ्यांना वाटली.

दुसऱ्या दिवशी दगडूमामा आले नाहीत. फोन बंद. डाइंगमध्ये कापड रंगवणारी जेट मशीन बंद, आणि रंगाच्या डब्यांच्या किल्ल्या मामांच्या कमरेला. दुपारी त्यांचा भाचा आला आणि त्यांचं नेमणूकपत्र माझ्या टेबलावर ठेवून गेला. एका ओळीखाली पेनानं इतकं दाबून रेघ मारलेली की कागद फाटला होता.

'आपली नेमणूक सहा महिन्यांच्या परिवीक्षा कालावधीवर करण्यात येत आहे. काम समाधानकारक वाटल्यास कायम करण्यात येईल.'

झालं! नमुना नव्या माणसाचा होता, तोच मी सरसकट छापला होता. मामा शेठच्या वडिलांच्या वेळेपासून मिलमध्ये. शेठना सायकल शिकवलेली त्यांनी.

शेठ आणि मी गाडी काढून मामांच्या घरी. मामा खाटेवर बसलेले, बनियनमध्ये. उठले नाहीत. मामींनी पाणी आणलं.

"मामा, चुकून झालं," शेठ म्हणाले. "मॅडमनी छापलं."

मी शेठकडे पाहिलं. शेठनी छताकडे पाहिलं.

मामा म्हणाले, "माले परीक्षा? आते?"

"खोडून टाकतो ना ती ओळ. आणा इकडे, आत्ता खोडतो."

"नको, ऱ्हाऊ द्या. कायदा शे ना? मंग दोन्हीकडथून व्हवाले पाहिजे. मी बी तुमले सहा महिना देखसु."

दुसऱ्या दिवशी मामा कामावर आले.  आम्ही सगळे विसरलोसुद्धा. बरोबर सहा महिन्यांनी एका सकाळी शेठच्या केबिनचं दार ढकलून मामा आत आले. शेठ व्यापाऱ्याशी बोलत होते. मामांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"शेठ, पास!" म्हणाले, आणि गेले.

*

सुरक्षेच्या बुटांचं तर काही विचारूच नका.

डाइंगमध्ये गरम पाणी, केमिकल, ओली फरशी. कायद्यानं प्रत्येकाला पुढे लोखंडी टोपी असलेले काळे बूट दिलेच पाहिजेत. दिले. आठवड्याभरानं राउंडला गेले तर निम्मे लोक स्लीपरवर. बूट कुठेत? "घरी शेत." का? "खराब व्हतीन ना, मॅडम!"

आता काय बोलणार? मी दम दिला, रोज गेटवर बूट तपासायला सुरुवात केली. तेव्हापासून लोक घालू लागले.

त्यातच सुनीताच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. गणेश त्याचं नाव, आमच्याकडेच जेट मशीनवर. लग्न साक्रीकडे, मुलीच्या गावी. मिलमधून जीप भरून वऱ्हाड गेलं, मीही गेले. सुनीताला तेव्हा सातवा महिना, तरी ती करवली म्हणून पुढेच. मांडवाच्या दारात मी खाली पाहिलं आणि कपाळाला हात लावला. नवरदेवापासून बँडमागे नाचणाऱ्या शेवटच्या माणसापर्यंत सगळ्यांच्या पायात मिलचे बूट! पॉलिश केलेले, चकाचक. मुलीकडचे एक काका माझ्याजवळ येऊन कौतुकानं म्हणाले, "पार्टी एकदम शिस्तीची दिसते."

मग व्हायचं तेच झालं. लग्न लागताना नवरदेवाच्या मेहुण्या जोडे पळवायला आल्या. मांडवाबाहेर बघतात तर एकसारख्या काळ्या बुटांची रांग. नवरदेवाचे कोणते? मुली हुशार निघाल्या. त्यांनी पोतं आणलं आणि सगळेच भरून नेले.

बाकीच्यांचे बूट कोण सोडवणार? गणेशनं आपले तेवढे सोडवले आणि उरलेलं वऱ्हाड अनवाणी जीपमध्ये बसलं.

सोमवारी गेटवर डाइंगचे लोक स्लीपरवर हजर. आता नवे बूट द्यायचे तर जुने का गेले, याचं कारण लिहावं लागतं. फाटले, जळले, केमिकल पडलं, असे रकाने आहेत. मी बराच वेळ पेन धरून बसले आणि शेवटी 'इतर' या रकान्यात लिहिलं: 'मेहुण्यांनी नेले.'

आजवर तपासणीच्या कोणत्याही साहेबांनी त्यावर प्रश्न विचारलेला नाही. सगळे लग्न झालेले असतात.

*

ज्या समितीसाठी मला घेतलं होतं, तिचीही गोष्ट आहे. बायकांना कामाच्या जागी कोणी त्रास देत असेल तर तक्रार कशी करायची, हे शिकवायला सुरतहून एक मॅडम बोलावल्या. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली, नीट समजावलं आणि शेवटी म्हणाल्या, "आता घाबरू नका. कोणाला काही त्रास आहे?"

 मग सुनीता पोटावर हात ठेवून उठली. "मॅडम, बाथरूमले कडी नई शे."

"म्हणजे?"

"आतून कडी नई. एक जनी आत जास, एक जनी दार धरीसन उभी ऱ्हास. दोन जनीस्ना टाइम जास, मंग मास्तर बोंबलस."

शिकवणाऱ्या मॅडम गोंधळल्या. म्हणाल्या, "हा विषय थोडा वेगळा आहे."

"मंग आमना विषय कोन्ता?" सुनीता म्हणाली. मला तिचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. मी तिथल्या तिथे शेठना फोन लावला. शेठ म्हणाले, "कडी ना? त्यात काय! आज लावतो." खरंच, संध्याकाळपर्यंत कडी लागली. पितळी, चांगली जाड.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांच्या बाथरूममधून धाडधाड आवाज. मी पळत गेले. आत सुनीता कोंडलेली! कडी बाहेरून लावली होती. येताजाता कोणीतरी सवयीनं ती सरकवून गेलं होतं. मी तिला बाहेर काढलं. ती घामाघूम झालेली. राग तर माझा मस्तकात गेला. मेंटेनन्सवाल्याला बोलावलं.

"बाहेरून कडी कोणी लावायला सांगितली?"

"मॅडम, कडी बाहेरूनच लावतात ना. चोरी होऊ नये म्हणून."

"अरे, बाथरूममधून काय चोरणार?"

तो आत जाऊन नळ बघून आला.

दुपारपर्यंत आतून दुसरी कडी लागली. आता त्या दाराला दोन कड्या आहेत. बाहेरचीही काढा म्हटलं, तर मेंटेनन्सवाला म्हणतो, लाकडाला भोक दिसेल.

*

मग सुनीताची बाळंतपणाची रजा आली. आमच्या मिलमध्ये ही रजा मागणारी ती पहिली बाई. याआधी काय व्हायचं? बाईला दिवस गेले की ती एके दिवशी यायची बंद व्हायची. कोणी विचारायचं नाही, ती सांगायची नाही. तिच्या जागी दुसरी उभी राहायची. सुनीता मात्र माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "माले नोकरी सोडनी नई शे. कायद्यात काय शे, सांगा."

मी सांगितलं. मग शेठना सांगायला गेले. शेठची आई, म्हणजे बा, त्या दिवशी केबिनमध्ये सोफ्यावर बसून जपमाळ ओढत होत्या. बा अमावस्या-पौर्णिमेला मिलमधल्या देव्हाऱ्याची पूजा करायला येतात.

"सव्वीस आठवडे?" शेठ खुर्चीतून उठलेच. "सव्वीस! मॅडम, इतके दिवस एका मुलाला लागतात?"

माळ थांबली.

"तुला मी चाळीस वर्षं दिली," बा म्हणाल्या. "तरी अजून जेवायला बोलवावं लागतं."

शेठनी सही केली.

*

आता शेवटचा सांगते.

सुनीताला मुलगी झाली. आरोही. रजा संपत आली तसे सुनीताचे फोन सुरू झाले. नवरा कडोदऱ्याला लूमवर, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. सासू गावी, सासरे अंथरुणाला खिळलेले, ती येऊ शकत नाही. भाऊ-भावजय गावीच राहायला गेलेले. "मॅडम, पोरगीले कोठे ठेवू?" दर फोनला हाच प्रश्न. आणि दर फोनला शेवटी, "मना कार्डवरनं नाव राही ना?"

कायद्यात याचं उत्तर आहे. आमच्याएवढ्या मिलला पाळणाघर लागतं. आमच्याकडे ते आहेसुद्धा! नकाशात आहे. दारावर पाटीही आहे. आत दिवाळीच्या भेटीचे खोके, जुने फ्लेक्स आणि नापास साड्यांचे गठ्ठे. मी शेठना किती वेळा म्हटलं असेल, शेठ, ती खोली रिकामी करा, एक बाई ठेवा. शेठ म्हणायचे, "जोइए." गुजरातीत 'जोइए' म्हणजे 'बघू', पण आमच्या शेठच्या 'जोइए'चा मराठीत अर्थ 'नाही' असा होतो.

रजा संपायच्या आदल्या दिवशी शेजारच्या मिलमधून फोन आला. सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आलेत, पुढचा नंबर तुमचा.

शेठ केबिनबाहेर धावत आले. "मॅडम! पाळणाघर!"

मग जे झालं ते बघायला हवं होतं. दगडूमामांनी डाइंगची माणसं बोलावली, खोके बाहेर, फ्लेक्स बाहेर, फरशी धुतली. पाळणे कुठून आणणार? मामांनी नापास साड्यांमधल्या चांगल्या निवडल्या आणि वरच्या पाइपाला झोळ्या बांधल्या. खान्देशातल्या प्रत्येक घरात बांधतात तशा. गुलाबी, पोपटी, जरीकाठाच्या. खोली एकदम छान दिसायला लागली. मुलं मिलमागच्या चाळीतून आणली. सुनीताला मी फोन केला, ती आरोहीला घेऊन रिक्षानं आली. तिला वाटलं, झालं, पाळणाघर उघडलं! तिचा चेहरा पाहून मी रजिस्टर आणायला निघून गेले.

"सांभाळणारी बाई पाहिजे ना!" शेठ म्हणाले. फोल्डिंगमधली उभी करावी तर साहेब कार्ड बघणार, आणि त्यावर फोल्डिंगच लिहिलेलं. मी स्वतः साहेबांबरोबर फिरणार. शेठनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पौर्णिमा होती. बा देव्हाऱ्यापाशी बसल्या होत्या.

"बा, तू फक्त तिथे बस. साहेबांनी विचारलं तर सांग, रोज येते."

 बांनी माळ कमरेला खोचली आणि शेठच्या मागे चालू लागल्या.

साहेब आले. मशीन पाहिल्या, बूट पाहिले, बाथरूमचं दोन कड्यांचं दारही पाहिलं. मग पाळणाघर. दोन मुलं झोळीत झोपलेली, बाकीची चमच्यांनी फरशी वाजवत होती, आणि बा मांडी घालून मधोमध. मांडीवर आरोही. साहेब चक्क खाली उकिडवे बसले.

"बा, तुम्ही रोज येता?"

बांनी शेठकडे पाहिलं.  शेठनी मान हलवली.

"रोज," बा म्हणाल्या. "नऊ ते सहा."

नऊ ते सहा त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"मुलांना खायला काय देता?"

"दुपारी खिचडी. चार वाजता केळं."

साहेबांनी आरोहीच्या गालाला बोट लावलं, शेरा लिहिला, उत्तम, आणि गेले. गाडी गेटबाहेर पडली तसा शेठनी मोठा श्वास सोडला. मामांना म्हणाले, "खोके आत घ्या."

सुनीता दारातच उभी होती. तिनं खोके परत येताना पाहिले, चाळीतल्या बाया आपापली मुलं उचलून नेताना पाहिल्या. मग शेठच्या समोर गेली. माझ्या नाही, थेट शेठच्या.

"शेठ, मी सकाळे येऊ का नको?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुम्हीच सांगा." शेठ घड्याळ बघत म्हणाले, "जोइए."

सुनीतानं बांच्या मांडीवरून आरोहीला उचललं. मुलीनं बांच्या पदराचं टोक मुठीत धरलेलं, ते सोडवायला जरा वेळ लागला. मग ती गेली. मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले. त्या संध्याकाळी घरी मी काहीच किस्सा सांगितला नाही. नवऱ्यानं विचारलं, "आज काही झालं नाही?" मला रडू आलं. शेजारच्या मिलमधल्या मॅडमसारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेटपाशी लोकांचे बूट तपासत उभी होते. शेठची गाडी आली. रोज शेठ आधी उतरतात. त्या दिवशी शेठ स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसून राहिले.

मागचं दार उघडलं. बा उतरल्या. एका हातात स्टीलचं मोठं पातेलं, कपड्यात बांधलेलं, त्यातून वाफ येतेय. दुसऱ्या हातात केळ्यांचा फणा. वॉचमन धावला, त्याला त्यांनी पातेलं दिलं. मामा आतून आले आणि थबकले.

"बा, हे काय?" शेवटी शेठ गाडीतूनच म्हणाले. "साहेब कालच येऊन गेले. आज कोणी येणार नाही."

बा वळल्या. सगळ्या गेटसमोर, शांतपणे म्हणाल्या, "साहेबांना काल मी रोज म्हटलंय. या वयात मला खोटं पाडतोस?"

मग मामांना खोके बाहेर काढायला सांगितले, पदर खोचला, गेटवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्यावर डाफरल्या.

"नऊ वाजले. ती मुलगी कुठाय? पहिल्याच दिवशी उशीर?"